छपरावरची वीज आणि छपराचा मालक : गोव्यातल्या सौर अनुदानाची पार्श्वभूमी

डिचोलीला माझ्या मावशीच्या घरी माळ्यावर एक पेटी आहे. बाहेरून पत्र्याची, आतून काळी रंगवलेली, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. ही सूर्यचूल. मावशीच्या सासऱ्यांनी ती सरकारी अनुदानावर घेतली होती. सकाळी तुळशीपाशी मांडून ठेवली की दोन-अडीच तासांत भात शिजायचा, मात्र मध्येच उठून आरसा उन्हाच्या दिशेने फिरवावा लागे. आज त्याच घराच्या मागच्या स्लॅबवर सौर पॅनल बसवायचे घाटते आहे, आणि कागदपत्रांची पिशवी त्याच माळ्यावरून खाली आली आहे.

सत्तरच्या दशकात तेल महागले आणि देशात पर्यायी ऊर्जेचा विचार सुरू झाला. 1981 मध्ये केंद्राने त्यासाठी आयोग नेमला, 1982 मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आला, 1987 मध्ये अशा प्रकल्पांना कर्ज देणारी सरकारी संस्था 'इरेडा' आणि 1992 मध्ये पूर्ण मंत्रालय. त्या काळात प्रोत्साहन म्हणजे वस्तू स्वस्त करून देणे. आधी सूर्यचूल, मग सौर कंदील, नंतर पाणी तापवायच्या बंबासाठी कमी व्याजाचे कर्ज. एकदा वस्तू विकली की ती वापरात आहे की माळ्यावर, हे कोणी विचारत नसे. माझ्या मते त्या पहिल्या पिढीतल्या योजनांची खरी उणीव हीच होती. घरात आलेली वस्तू विजेच्या बिलाशी कुठेच जोडलेली नव्हती.

गोव्याला विजेची गरज वेगळ्या तऱ्हेने जाणवते. इथे कोळसा नाही, मोठे जलविद्युत धरण नाही. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतून येणाऱ्या वाट्यावर राज्य चालते. 1999 मध्ये सांकवाळला नाफ्ता या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर चालणारा 48 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, पण नाफ्त्याची वीज परवडणारी नव्हती. बाहेरून वीज आणायची म्हणजे तारा कुठून तरी न्याव्याच लागतात, आणि त्या सह्याद्रीतूनच येणार. 2020 मध्ये मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या 400 केव्हीच्या उच्चदाब वीजवाहिनीविरुद्ध तरुण मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा हा हिशेब पहिल्यांदा घराघरांत बोलला गेला. आपल्या पंख्यासाठी कुणाचे तरी रान कापले जाते, हे त्या वर्षी अनेकांना कळले. मलाही तेव्हाच नीट उमगले.

धोरणाला खरे वळण मिळाले ते 2010 नंतर. राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी 2010 मध्ये सुरू झाले, 2022 पर्यंत 20,000 मेगावॅट हे लक्ष्य ठेवून. 2015 मध्ये ते एकदम 1,00,000 मेगावॅटवर नेले, त्यातले 40,000 छपरांवरून यायचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष दर्जा नसलेल्या राज्यांतील घरांसाठी 30 टक्के अनुदान मंजूर झाले.

पण अनुदानापेक्षा मोठी गोष्ट होती मीटरची. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेल्या संयुक्त वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये छपरावरच्या सौरविजेचे नियम काढले, 2019 मध्ये ते नव्याने आणले. त्यांतल्या पद्धतीला नेट मीटरिंग म्हणतात. दुपारी घरात कोणी नसते, पॅनल मात्र भरात असतात. ती जादा वीज वीज खात्याच्या तारेत जाते. रात्री दिवे-पंखे लागले की तारेतून परत घेता येते. मीटर दोन्ही आकडे दाखवतो, घेतलेले युनिट आणि दिलेले युनिट, आणि बिल उरलेल्या फरकाचे येते. म्हणजे बॅटरी न घेता तारच आपली साठवण होते. 3 किलोवॅट क्षमतेच्या पॅनलना वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते. आपल्याकडे जुलैत आकाश उघडतच नाही, तेव्हा ती निम्म्यावर येते. एप्रिल-मेच्या उन्हात शिल्लक पडलेले युनिट पावसात कामी येतात. नेट मीटर नसता तर गोव्यासारख्या पावसाच्या मुलखात छपरावरचे पॅनल कुणालाच परवडले नसते.

राज्याचे स्वतःचे सौर धोरण 2017 चे. केंद्राच्या अनुदानावर राज्याने आपला वाटा घातला. गोवा ऊर्जा विकास संस्था अर्ज हाताळत असे. 2019 मध्ये केंद्राने दर बदलून 3 किलोवॅटपर्यंत 40 टक्के आणि त्यापुढे 10 किलोवॅटपर्यंत 20 टक्के केले. टक्केवारीची पद्धत पुढे गेली आणि ठरावीक रुपये आले. फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' आली. एक कोटी घरे, 75,021 कोटी रुपये खर्च. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, मिळून कमाल 78,000. पॅनलमधले सेल भारतात बनलेले हवेत, ही अट. गोवा सरकारनेही त्याच वर्षी 'गोंय विनामूल्य वीज' योजनेतून याला जोड दिली. सप्टेंबर 2025 मध्ये पॅनलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला.

इतके असूनही आमच्या गावात पॅनल मोजकेच दिसतात. एक कारण सरळ आहे. घरगुती विजेचा इथला दर मुळातच कमी, पहिल्या शंभर युनिटांना दोन रुपयांच्या आतबाहेर. ज्याचे बिल लहान, त्याला पॅनलचा खर्च वसूल व्हायला कैक वर्षे लागतात. एसी आणि गिझर वापरणाऱ्याला तो लवकर वसूल होतो. त्यामुळे सरकारी पैसा आधीच ऐपत असलेल्या घराकडे वळतो, हे मला खटकते.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते गोव्याचे स्वतःचे आहे. अनुदानाला छप्पर आपल्या मालकीचे लागते, वीजजोडणी आपल्या नावावर लागते. गोव्यात वारशाचा कायदा सर्व मुलांना, मुलींनाही, हिस्सा देतो. कायदा न्याय्य आहे, पण वाटणी झाली नाही तर एका कौलारू घराचे दहा-बारा सहमालक होतात. मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, गोष्ट आणखी अवघड. 1975 च्या कायद्याने त्याला भाटकाराच्या जमिनीवरचे आपले घर, गावात 300 चौरस मीटरपर्यंतच्या जागेसह, विकत घेण्याचा हक्क दिला. तरी अनेक दावे वर्षानुवर्षे मामलेदाराकडे पडून राहिले. घरांना मालकी हक्क देण्यासाठी 2025 मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या 'म्हजें घर' योजनेचा हेतू सौरऊर्जेचा नाही, पण तिने अशा घरांचे कागद मार्गी लागले तर पॅनलची वाटही मोकळी होईल.

मावशीच्या घराचा मीटर अजून तिच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन एकवीस वर्षे झाली. आधी नाव बदलायचे, त्यासाठी दीर-नणंदांचे ना हरकत दाखले. एक वास्कोला, एक मुंबईला, एक बेळगावला. समोरची कौले उतरती आहेत आणि त्यांवर शेजारच्या माडाची सावली पडते, म्हणून मागचा स्लॅबच उरतो. बेळगावच्या नणंदेची सही आली. मुंबईची चवथीला घरी आल्यावर घ्यायची ठरली आहे.