पेशी प्रयोगशाळेत, माणूस घरी

सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांत आणि आतड्यांत घट्ट, चिकट स्राव साचवणारा आनुवंशिक आजार. त्याच्या रुग्णाच्या गुदाशयातून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात. त्यातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या, जेलमध्ये ठेवून त्यांना योग्य पोषण दिलं, की काही दिवसांत त्यांचे पोकळ, सूक्ष्म गोळे तयार होतात. हे ऑर्गनॉइड. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट इथं हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून असे गोळे वाढवले. पुढं दोनच वर्षांत माणसाच्या पेशींवरही ते साधलं.

या गोळ्यांवर फोर्स्कोलिन नावाचं रसायन घातलं, की सीएफटीआर या प्रथिनाच्या वाटेनं क्लोराइड आत शिरतं, त्यामागोमाग पाणी येतं आणि निरोगी माणसाचा गोळा बघता बघता टम्म फुगतो. या आजारात नेमकं तेच प्रथिन बिघडलेलं असतं. त्यामुळं रुग्णाचा गोळा फुगत नाही, किंवा जेमतेम फुगतो. मग त्यावर औषध घालून पाहायचं. फुगला, तर ते औषध या माणसाला लागू पडेल अशी आशा धरता येते. ज्यांचा जनुकीय बिघाड इतका दुर्मीळ आहे की मोठ्या चाचणीसाठी पुरेसे रुग्णच मिळत नाहीत, त्यांना याचं मोल विचारा.

पण तोच गोळा गोठवून वर्षानुवर्षं जपता येतो, वाढवता येतो, दुसऱ्या देशात किंवा औषध कंपनीकडं पाठवता येतो. त्यात त्या माणसाची जनुकं जशीच्या तशी असतात. मग तो कुणाचा?

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे सिस्टिक फायब्रोसिसच्या प्रौढ रुग्णांना आणि लहान रुग्णांच्या आईवडिलांना विचारलं. त्यांना तो गोळा आपलाही वाटत होता आणि परकाही. पुढं त्याचं काय काय होईल याला अंत नाही, ही काळजी होती. कंपन्यांच्या सहभागाला त्यांचा सरसकट विरोध नव्हता, पण त्याला मर्यादा असाव्यात आणि रुग्णांचं भलं व्हावं, अशी अपेक्षा होती. मला यात गोंधळ दिसत नाही. शरीरातून निघालेली पण जिवंत राहिलेली गोष्ट अशीच असते.

अडचण संमतीपत्राची आहे. सही एकदाच होते, विज्ञान मात्र थांबत नाही. त्वचेच्या पेशींपासूनही मूळपेशी बनवता येतात. अशा मूळपेशींपासून २०१३ मध्ये व्हिएन्नात मेंदूचे ऑर्गनॉइड तयार झाले; २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे मानवी गोळे उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत रुजवल्याचं जाहीर केलं, आणि उंदराच्या मिशांना स्पर्श झाला की त्यातल्या पेशी प्रतिसाद देत होत्या. त्याआधी कधीतरी त्वचेच्या पेशी देणाऱ्याला याची कल्पना कुठून असणार?

न विचारण्याची किंमत हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतल्या कर्करोगाच्या रुग्णाच्या कुटुंबानं मोजली आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा यांच्या गाठीतल्या पेशी परवानगीशिवाय वापरल्या गेल्या. २०१३ मध्ये त्या पेशींचा जनुकसंचही कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला. त्यानंतर मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं कुटुंबाशी करार केला आणि ही माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या गटात त्यांच्या माणसांना घेतलं. मला हीच वाट बरोबर वाटते. प्रत्येक प्रयोग सहीच्या वेळी सांगता येणार नाही. पण निर्णय कोण घेणार, नफा कुठं जाणार आणि नवं वळण आलं तर पुन्हा कळवणार का, हे नक्की सांगता येतं. शिवाय परदेशी गेलेले गोळे आणि छापून आलेली माहिती नंतर मागं घेता येत नाही, हेही सही घेण्याआधीच सांगायला हवं.