मिडफिल्डरचा निरोप: ८५व्या मिनिटाच्या बदलीमागचा इतिहास

२४ मे २०२५ ला रिआल माद्रिद या फुटबॉल क्लबच्या घरच्या मैदानावर, बर्नाबेऊवर, रिआल सोसिएदादविरुद्धचा सामना संपायला जेमतेम तीन मिनिटं उरली होती. माद्रिदचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, लुका मॉड्रिच याला बाहेर बोलावलं गेलं. नागपुरात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते. खेळाडूंनी दोन रांगा केल्या, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, आणि वर्षभरापूर्वी निवृत्त झालेला त्याचा जुना सहकारी टोनी क्रूस त्याला मिठी मारायला मैदानाच्या कडेला येऊन थांबला होता. क्रूसचा स्वतःचा निरोपही याच मैदानावर, असाच शेवटच्या काही मिनिटांत झाला होता. २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या झावीला डेपोर्तिवोविरुद्ध ८५व्या मिनिटाला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी आंद्रेस इनिएस्टा आत गेला. तीन वर्षांनी इनिएस्टाची पाळी आली. त्या रात्री प्रेक्षक निघून गेल्यावरही तो मध्यरात्र उलटेपर्यंत रिकाम्या मैदानात अनवाणी बसून होता.

शेवटच्या मिनिटांत बाहेर बोलावून निरोप द्यायची ही पद्धत आज इतकी रुळली आहे की ती पहिल्यापासूनच असावी असं वाटतं. तसं नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडूच नव्हता. त्या वर्षी फक्त जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घ्यायची मुभा मिळाली, १९६७ पासून कोणत्याही कारणासाठी. विश्वचषकात बदली आली ती १९७० ला. त्याआधी अकरा जण उतरायचे आणि लंगडत का होईना, तेच शेवटपर्यंत खेळायचे. मग टाळ्यांच्या कडकडाटात एकट्याने चालत बाहेर येण्याचा प्रश्नच कुठे होता?

त्या काळी निरोपासाठी वेगळा सामनाच ठेवत. क्रिकेटमधून आलेली ही सन्मान-सामन्याची प्रथा. एका क्लबकडे साधारण दहा वर्षं काढलेल्या खेळाडूसाठी मैत्रीपूर्ण लढत ठेवायची आणि तिकिटांचं उत्पन्न त्याच्या हाती द्यायचं. यामागे भावना होती तशी गरजही होती. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये पगारावर कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. एवढ्या कमाईत निवृत्तीनंतरची सोय होणं कठीण, म्हणून प्रेक्षकच ती करून देत. पुढे पगार आकाशाला भिडले तसा हा पैसा समाजकार्याकडे वळला. ऑगस्ट २०१३ मध्ये लिव्हरपूलच्या स्टीव्हन जेरार्डसाठी ऑलिंपियाकोसविरुद्ध झालेला सामना याच प्रकारचा. त्याचा खरा निरोप मात्र पावणेदोन वर्षांनी, १६ मे २०१५ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या लीग सामन्यात झाला. दोन्ही संघांनी त्याला मानवंदना दिली आणि लिव्हरपूल ३-१ ने हरलं. लीगचा सामना निरोपासाठी थांबत नाही, तिथे गुण पणाला लागलेले असतात. मला वाटतं, म्हणूनच हा निरोप मैत्रीपूर्ण सामन्यापेक्षा अधिक भिडतो.

निरोपाची तारीख आधी कळू लागली ती १५ डिसेंबर १९९५ च्या, युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालामुळे. करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला पैसे मोजायची गरज नाही. करार बहुधा ३० जूनला संपतात आणि शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी बोलणी करता येतात. त्यामुळे मे महिन्यातला घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना हाच निरोपाचा दिवस ठरून गेला. चाहत्यांच्या हाती किती दिवस उरतात, ते घोषणेवर अवलंबून. जेरार्डने जानेवारीतच सांगून टाकलं होतं. मँचेस्टर सिटीच्या केविन डी ब्रुइनने ४ एप्रिल २०२५ ला जाहीर केलं, सामना २० मे ला. इनिएस्टाने २३ दिवस दिले, क्रूसने चार, मॉड्रिचने फक्त दोन.

मधल्या फळीतल्या खेळाडूचा निरोप आणखी एका कारणाने वेगळा. गोलांच्या आकड्यात तो मावत नाही. झावी बार्सिलोनाकडून ७६७ सामने खेळला, पण त्याचं मोठेपण चेंडू येण्याआधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून बघण्यात होतं. ते टीव्हीवर क्वचितच दिसतं. उभं राहून टाळ्या वाजवणारा चाहता ‘आम्ही ते पाहिलं’ एवढंच सांगत असतो.

पद्धत फसतेही. २१ मे २०१७ ला चेल्सीचा बचावपटू जॉन टेरी ठरवून २६व्या मिनिटाला, म्हणजे जर्सीच्या क्रमांकाच्या मिनिटाला, बाहेर आला. त्यासाठी सुंदरलँडने चेंडू मुद्दाम बाहेर मारला. नेमक्या त्या मिनिटावर आधीच पैजा लागल्या होत्या, चौकशीची भाषा झाली, टीका झाली ती वेगळीच. २०१९ मध्ये नियमच बदलला. वेळकाढूपणा रोखण्यासाठी, बदलला जाणारा खेळाडू सीमारेषेच्या जवळच्या बिंदूतून बाहेर गेला पाहिजे, पंचांनी वेगळं सांगितलं नसेल तर. पलीकडच्या बाजूला असलेला मिडफिल्डर आता तिकडूनच बाहेर पडतो आणि बाकाकडे यायला त्याला अर्धं मैदान वळसा घालावा लागतो. मॉड्रिचसारखा निरोप पंचांच्या सहकार्याशिवाय होत नाही.

नागपूरच्या चाहत्याच्या वाट्याला स्टेडियम नाही, पडदा आहे. इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना मे महिन्यात आपल्याकडे साडेसातला सुरू होतो, स्पेनमधला रात्री नऊचा साडेबाराला. साडेसातचा सामना गच्चीवर दाखवता येतो, कारण मे अखेरीस सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्याआधी प्रोजेक्टर लावून उपयोग नाही, चित्र फिकट दिसतं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रक्षेपणाच्या उशिराने. मोबाइल अॅपवरचं चित्र टीव्हीच्या अर्धा मिनिटसुद्धा मागे असू शकतं. कोणाच्या तरी फोनवर ‘बदली झाली’ असा मेसेज आधी येतो आणि उभं राहायचा क्षण हुकतो. चित्र एकाच स्रोतावरून दाखवावं आणि ८०व्या मिनिटाला सगळ्यांचे फोन बंद करायला सांगावं. सामना संपताच काही वाहिन्या स्टुडिओत परततात आणि खेळाडूची मैदानाची फेरी दिसतच नाही. क्लबचं स्वतःचं चॅनल दुसऱ्या फोनवर तयार ठेवावं.

निरोपाच्या बॅनरसाठी दोनच दिवस असतील तर फ्लेक्सशिवाय इलाज नाही. आठवडा असेल तर कापडच घ्यावं, ते जपूनही ठेवता येतं. नागपूरच्या गांधीबागेत ४८ इंची पन्ह्याचा कोरा मांजरपाट मिळतो. २४ बाय ८ फुटांसाठी दोन पन्हे जोडायचे, दुमडीसकट १६ मीटर कापड पुरतं. वर-खाली बांबूची नळी शिवली की उंची सात फुटांच्या आसपास उरते, अक्षरं त्याच मापाने आखावीत. कापड आधी भिजवून वाळवावं. नाहीतर खळ असलेला मांजरपाट रंगाच्या पाण्याने आक्रसतो आणि मधल्या शिवणीवर अक्षर वाकडं होतं. १०० फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर किमान १० इंच हवं. देवनागरीत वेलांटी आणि उकार त्याच उंचीत बसवावे लागतात, म्हणून १५ इंच धरावं आणि जोडाक्षरं टाळावीत. रंग म्हणजे पातळ केलेलं इमल्शन, भिंतीला लावतात ते. ऑइलपेंट घडीवर तडकतो आणि उन्हात चिकटतो. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर ब्रश हातात धरू नये, एक फटकारा दुसऱ्याच्या आधी वाळतो आणि पट्टे दिसतात. दोऱ्या नुसत्या कोपऱ्यांना बांधल्या तर कापड तिथेच फाटतं. दर दोन फुटांवर, दुहेरी दुमडलेल्या काठात आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्या, ठोकावेत. घडी न घालता पाइपवर गुंडाळून ठेवावं.

भारतात भारतीय खेळाडूंचे मोठे म्हणावेत असे दोन निरोप झाले: जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध बायचुंग भुतियाचा, आणि ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध सुनील छेत्रीचा. दोघेही आघाडीच्या फळीतले, गोल करणारे खेळाडू. कामठीच्या रब्बानी क्लबपासून नागपूरच्या यंग मुस्लिमपर्यंत इथल्या संघांतही मधली फळी सांभाळणारे खेळाडू आहेत. पण स्थानिक मिडफिल्डर नोकरीसाठी किंवा दुसऱ्या संघाकडे निघून जातो तेव्हा तारीख कोणाला ठाऊक नसते. फार तर नंतर एखाद्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळतं. त्याची जागा मैदानावर आहे आणि ते जमणारं आहे. तो जाणार हे कळलं की संघाने शेवटच्या साखळी सामन्याची तारीख जाहीर करावी. नाणेफेकीआधी पंचांना भेटून, मध्यरेषेजवळून बाहेर येऊ द्यायची विनंती करावी. स्पर्धेच्या नियमांत बदलीच्या किती संधी आहेत ते पाहून एक संधी राखून ठेवावी, नाहीतर ८०व्या मिनिटाला कोणी जखमी झालं की निरोपासाठी काहीच उरत नाही. आणि ठरलेल्या मिनिटाआधी पाचेक मिनिटं त्याला प्रेक्षकांच्या बाजूला खेळवायला प्रशिक्षकाला सांगून ठेवावं, म्हणजे बदलीचा फलक वर गेला तेव्हा त्याच्यासाठी जवळचा बिंदू प्रेक्षकांच्या समोरचाच असेल.