भूजलाची गुणवत्ता : पिण्यासाठी आणि सिंचनासाठी

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिण्याजोगे आहे का, आणि तेच वर्षानुवर्षे शेताला दिले तर जमीन टिकेल का, हे तपासून ठरवणे म्हणजे भूजलाच्या गुणवत्तेचे मूल्यमापन. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येईल असे नाही.

कामाची सुरुवात विहिरीवरच होते. बोअरमध्ये साचलेले पाणी आधी उपसून टाकतात आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप), सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) व तापमान स्थिरावल्यावरच बाटली भरतात. सामू जागेवर मोजावा. पाणी वर येताच त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि आकडा चढतो. अहवाल हाती आला की धन व ऋण आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) बेरजांचा ताळा घ्यावा; त्या जवळपास सारख्या यायला हव्यात. तफावत ५ टक्क्यांच्या पुढे गेली, तर त्यावर काढलेल्या निष्कर्षांवर भरवसा ठेवू नये.

पिण्याच्या बाबतीत जीभ फसवते. मचूळ पाणी लोक आपणहून टाळतात. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक मात्र चवीला कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना लिटरमागे अनुक्रमे १.५, ५० आणि ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. साबणाला भरपूर फेस आणणारे मृदू पाणी चांगले समजले जाते, पण फ्लोराइड बहुधा तिथेच वाढलेले सापडते. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असले की ते फ्लोराइडला फ्लुओराइट खनिजात बांधून ठेवते. मृदू पाण्यात ती अडवणूक नसते. उकळल्याने जंतू मरतात, ही द्रव्ये जात नाहीत. पाणी आटते तशी ती दाट होतात.

सिंचनासाठी अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेची १९५४ची वर्गवारी आजही वापरात आहे. तिच्यात विद्युतवाहकतेच्या पायऱ्या २५०, ७५० आणि २,२५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर अशा आहेत. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे जड जाते. सोडियमचा घाला मात्र जमिनीवर पडतो. लिटरमागे सोडियम १२ आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम प्रत्येकी १ मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचे प्रमाण त्यांच्या विद्युतभारानुसार मोजण्याचे एकक) असेल, तर सोडियम अधिशोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचा जोर सांगणारा आकडा, १२ येते. अशा पाण्याने भारी जमिनीतील चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, होते. त्यात बायकार्बोनेट ८ असेल, तर अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा जाता उरणारे कार्बोनेट-बायकार्बोनेट, ६ भरते; २.५च्या वरचे पाणी सिंचनाला अयोग्य धरतात. निचऱ्याच्या वाळूसर जमिनीत तेच पाणी कमी नुकसान करते, म्हणून मातीची तपासणी सोबत हवीच.

बोरॉनचे गणित वेगळे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २.४ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. लिंबूवर्गीय झाडांची पाने मात्र १ मिलिग्रॅमलाही टोकाकडून पिवळी पडून करपू शकतात.