नाक, कान आणि दीड मीटर

गेल्या महिन्यात भाचीला नोकरीच्या अर्जासोबत फोटो पाठवायचा होता. हात लांब करून तिने मोबाइलवर पंधरा-वीस फोटो काढले आणि शेवटी रडवेली होऊन विचारलं, "मामा, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे का?" मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की मोबाइलची लेन्स चेहरा बिघडवते, मोठ्या कॅमेऱ्याची, दूरचं जवळ दाखवणारी ८५ मिलिमीटरची लेन्स हवी. हा समज इतका पक्का बसलाय की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

शाळेत खोक्याला टाचणीचं भोक पाडून केलेला कॅमेरा आठवा. त्यात वस्तू जितकी दूर, तितकी तिची प्रतिमा लहान. अंतर दुप्पट झालं की प्रतिमा निम्मी. चेहऱ्याला हेच लावू. नाकाचं टोक कानांच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतात. ४२ भागिले ३० म्हणजे १.४, म्हणून कानांच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटतं. आता मोबाइल नाकापासून दीड मीटरवर न्या. १६२ भागिले १५० म्हणजे १.०८. फरक फक्त ८ टक्के! नाक तेच, लेन्सही तीच. ८५ मिलिमीटरच्या लेन्सचा गुण इतकाच, की तिच्यातून चेहरा चौकटीत नीट बसवायचा तर फोटोग्राफरला मागे सरकावंच लागतं. मोबाइलनेही दीड मीटरवरून फोटो काढून नंतर कडा कापल्या, तर ठेवण तशीच मिळते. लेन्सचा खरा दोष चौकटीच्या कडांना दिसतो, तिथे चेहरे ताणले जातात. म्हणून चेहरा मधोमध ठेवावा.

पटत नसेल तर स्वयंपाकघरातून एकसारख्या दोन वाट्या घ्या. ओट्यावर एक पुढे, दुसरी तिच्या १२ सेंटिमीटर मागे आणि किंचित बाजूला ठेवा. एक फोटो वीतभर अंतरावरून काढा, दुसरा दीड मीटरवरून. पहिल्या फोटोत एक वाटी आमटीची आणि दुसरी चटणीची वाटेल. आम्ही हे केलं तेव्हा भाचीने पट्टी आणून पडद्यावरच्या वाट्या मोजल्या.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले शल्यविशारद बोरिस पास्कोव्हर यांच्याकडे लोक सेल्फी दाखवून नाक लहान करून मागायला येत. तेव्हा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप मांडून २०१८ साली हिशेब प्रसिद्ध केला. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याच्या रुंदीच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, ५ फुटांवरून फरक जवळपास उरत नाही. आपल्या १.४ ला १.०८ ने भागून पाहा, जवळपास तोच आकडा येतो.

मग एक प्रश्न उरतो. समोरासमोर बसून कोणी जवळून बोलत असेल तर त्याचं नाक आपल्याला मोठं का वाटत नाही? इथे मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट सांगायची आहे. कॅमेरा जिथे होता, त्याच्या प्रमाणातल्या अंतरावर डोळा ठेवला तर फोटो अगदी नैसर्गिक दिसतो. चेहरा साधारण १५ सेंटिमीटर रुंद धरू. मोबाइलच्या पडद्यावर तो ३ सेंटिमीटरचा, म्हणजे एक पंचमांश झाला, तर बघण्याचं अंतरही एक पंचमांश हवं. सेल्फी ३० सेंटिमीटरवरून काढलेला असेल, तर तो पाहायला पडदा डोळ्यांपासून ६ सेंटिमीटरवर आणावा लागेल. तिथे कुणाची नजर स्थिरावते? आपण पडदा फुटभर दूर धरतो आणि मेंदू त्या अंतराच्या हिशेबाने चेहरा वाचतो, म्हणून नाक खटकतं. प्रत्यक्षात माणूस जवळ असतो तेव्हा मेंदूला अंतर ठाऊक असतं, तो आकार सावरून घेतो. आता दीड मीटरवरचा फोटो घ्या. १५० चा एक पंचमांश किती? ३० सेंटिमीटर. मोबाइल आपण सहज धरतो ते अंतर!

बसण्या-उभं राहण्याच्या सूचनांमागेही बव्हंशी हेच भागाकार आहेत. खुर्चीत रेलून बसलात आणि चेहरा पोटाच्या १५ सेंटिमीटर मागे गेला, तर दीड मीटरवरच्या कॅमेऱ्याला पोट १० टक्के मोठं दिसेल. किंचित पुढे झुकलात की उलट होतं. टेबलावरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला सर्वांत जवळची हनुवटी आणि सर्वांत लांबचं कपाळ, म्हणून खाली चार जाडजूड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा. खांदे ४५ अंशांत वळवले तर ४० सेंटिमीटरची रुंदी २८ सेंटिमीटर उमटते (४० गुणिले कोसाइन ४५). हनुवटी जराशी पुढे काढून खाली करायला सांगतात, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. गळ्याची त्वचा ताणली जाते आणि जबड्याखाली सावलीची स्पष्ट रेघ पडते. समोरून बघणाऱ्याला मान पुढे आलेली कळतही नाही.

कमरेवर हात ठेवून छाती फुगवली की संप्रेरकं (हार्मोन्स) बदलून आत्मविश्वास वाढतो, असं शिकवणाऱ्या कार्यशाळांवर पैसे घालवू नका. रुबाबदार पवित्र्याने शरीरातली संप्रेरकं बदलतात, असा दावा २०१० साली अवघ्या ४२ जणांवरच्या प्रयोगातून झाला. २०१५ साली २०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा संप्रेरकांत काहीच फरक दिसला नाही. २०१६ साली मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. हनुवटीवरून भाग्य सांगणारं सामुद्रिक आणि चेहऱ्यावरून स्वभाव ओळखणारी नवी ॲप्स यांनाही असा काही आधार नाही.

शेवटी भाचीचा फोटो मी हॉलमध्ये काढला, टेपने दीड मीटर मोजून, तिला खिडकीकडे किंचित वळवून. तो तिला तरीही "थोडा वाकडा" वाटला. मी तो आरशासारखा उलटा करून दाखवला, तेव्हा लगेच म्हणाली, "हा छान आहे." आणि ताईला सरळ फोटोच आवडला. १९७७ साली मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. स्वतःला आरशातली प्रतिमा जास्त आवडली, मित्रांना खरी, कारण जो चेहरा रोज दिसतो तोच ओळखीचा वाटतो. मुलाखत घेणारे तिला ताईसारखे समोरूनच बघणार होते, म्हणून अर्जाला सरळ फोटो जोडला.