इंग्रजी स्पेलिंगमधील मूक अक्षरे

शब्द लिहिताना जे अक्षर घालावेच लागते, पण बोलताना ऐकू येत नाही, त्याला मूक अक्षर म्हणतात. शाळेत आपण त्याला 'सायलेंट लेटर' म्हणतो. सुरी या अर्थाच्या नाइफ या शब्दातला 'के', ऐकणे या अर्थाच्या लिसनमधला 'टी', कर्ज या अर्थाच्या डेटमधला 'बी' ही नेहमीची उदाहरणे. 'इथे के सायलेंट असतो, पाठ करा' एवढे सांगून वर्ग पुढे सरकतो आणि मुलांची समजूत होते की इंग्रजांनी ही अक्षरे लहरीखातर घातली असावीत. तसे नाही. यातल्या बहुतेक अक्षरांची हकीकत सांगता येते. मात्र ती सर्वांची एक नाही. काही अक्षरे शेकडो वर्षे बोलत होती आणि मग गप्प झाली, तर काही जन्मापासूनच मुकी आहेत. एकाच नावाखाली आपण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी शिकतो, म्हणून सगळा गोंधळ वाटतो.

आधी बोलकी असलेली अक्षरे पाहू. चिलखत घालणाऱ्या घोडेस्वार सरदाराला इंग्रजीत नाइट म्हणतात. त्याचे स्पेलिंग के-एन-आय-जी-एच-टी. सहांपैकी तीन अक्षरे मुकी. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हाच शब्द सी-एन-आय-एच-टी असा लिहीत आणि पाचही अक्षरे उच्चारत: साधारण 'क्निख्ट'. यातला 'ख' म्हणजे उर्दूतल्या 'ख़बर'सारखा, घासत येणारा. त्या वेळी शब्दाचा अर्थ होता पोरगा, हाताखालचा गडी. सरदारकी त्याला पुढे मिळाली. जर्मन भाषेतला त्याचा सख्खा भाऊ 'क्नेख्ट' अजून नोकर या जुन्या अर्थाच्या जवळ राहिला आहे आणि त्याचे क, ख दोन्ही शाबूत आहेत. गुडघ्याला इंग्रज 'नी' म्हणतो, जर्मन 'क्नी' म्हणतो. लिहिताना दोघेही सुरुवातीला 'के' घालतात.

'क्नी' म्हणून पाहा. क साठी जिभेचा मागचा भाग वर टेकतो, आणि तो सुटतो न सुटतो तोच न साठी जिभेचे टोक दातांमागे टेकवून हवा नाकातून सोडावी लागते. संस्कृत जोडाक्षरांची सवय असलेल्या मराठी जिभेला याचे काही वाटत नाही. इंग्रजांच्या बोलण्यात मात्र सतराव्या शतकात हा आरंभीचा क क्षीण होत गेला आणि १७०० च्या सुमारास नेहमीच्या बोलण्यातून गेला. कुरतडणे या अर्थाच्या 'नॉ'मधला पहिला 'जी' आणि लिहिणे या अर्थाच्या 'राइट'मधला पहिला 'डब्ल्यू' हे त्याचेच सोबती, आणि त्यांचा आवाजही साधारण याच काळात बंद पडला.

मराठी वाचकासाठी या विषयातला सर्वांत आनंदाचा भाग इथे सुरू होतो. ही गप्प झालेली अक्षरे संस्कृताशी असलेले इंग्रजीचे दूरचे नाते दाखवतात. गुडघ्याला संस्कृतात 'जानु' म्हणतात. 'आजानुबाहु' म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दाचे. त्याचा पहिला वर्ण संस्कृतात ज झाला, इंग्रजीच्या पूर्वजांत क झाला. म्हणजे 'नी'मधला मुका 'के' हा 'जानु'मधल्या ज चा भाऊबंद आहे. जाणणे या अर्थाच्या 'नो'मधला 'के' तसाच 'ज्ञा' धातूतल्या ज च्या जागी उभा आहे. रात्र या अर्थाच्या 'नाइट'मध्ये 'जी-एच' ही जोडी निरर्थक वाटते. तिच्या जागी संस्कृत 'नक्त'मधला क ठेवून पाहा. दिवसा उपास आणि रात्री एकदाच जेवण, या व्रताला आपल्याकडे नक्त म्हणतात, तोच हा शब्द. 'एट'मधला 'जी-एच' अष्टमधल्या ष च्या जागी येतो, मुलगी या अर्थाच्या 'डॉटर'मधला 'दुहिता'मधल्या ह च्या जागी. दोन या अर्थाच्या 'टू'मध्ये 'डब्ल्यू' का, असे कुणी विचारले तर 'द्वि'मधल्या व कडे बोट दाखवावे. ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन या शब्दांत तो 'डब्ल्यू' अजून बोलतो, आणि ते सगळे शब्द दोनाशीच संबंधित आहेत. फणी या अर्थाच्या 'कोम'मधला शेवटचा 'बी' म्हणजे दात या अर्थाच्या 'जम्भ'मधला भ. फणीला दात असतातच. ही जुळणी ओढूनताणून केलेली नाही. भारोपीय, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोघी ज्या भाषाकुळात येतात त्यातल्या, भाषांमधले ध्वनी एकेका शाखेत नियमाने बदलत गेले, हे एकोणिसाव्या शतकातल्या भाषाभ्यासकांनी अशाच शब्दांच्या जोड्या लावून सिद्ध केले.

'जी-एच' या जोडीचे लिखाण थोडे नंतरचे. जुन्या इंग्रजीत तो घासता ख नुसत्या 'एच'ने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच वळणाने शिकलेल्या लेखनिकांच्या हाती इंग्रजीचे लिखाण आले आणि या ध्वनीसाठी पुढे 'जी-एच' रूढ झाले. सोळाव्या-सतराव्या शतकांत लंडनच्या भाषेतून हा ध्वनीच नाहीसा झाला. काही शब्दांत तो पूर्ण पुसला गेला, काहींत त्याचा फ झाला: लाफ, कफ, रफ, इनफ. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र रात्रीला अजून 'निख्ट' म्हणतात, आणि ते ऐकले की त्या 'जी-एच'चा आवाज काय होता हे समजावून सांगावे लागत नाही.

उच्चार बदलला तर स्पेलिंग का बदलले नाही? चौदाव्या शतकापर्यंत ते बदलत होतेच. जो तो आपल्या भागातल्या उच्चाराप्रमाणे लिही. पंधराव्या शतकात लंडनच्या राजदरबारी कचेऱ्यांतल्या कारकुनांचे लेखन एका वळणाचे होऊ लागले. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. एका पुस्तकाच्या शेकडो प्रती सारख्याच निघू लागल्या, तशी वाचणाऱ्यांची नजर ठरावीक रूपांना सरावली. दुर्दैव असे, की नेमक्या याच काळात इंग्रजी उच्चारांत मोठी उलथापालथ चालू होती. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून हलले. भाषाशास्त्रात त्याला महास्वरपरिवर्तन म्हणतात. लेखन थिजले ते भाषा वाहत असताना. के, जी-एच, डब्ल्यू अजून बोलत होते तेव्हा छापखान्याने ते खिळ्यांत बसवले, आणि बोलणाऱ्यांनी ते सोडले तेव्हा शब्दाचे छापील रूप बदलण्याला उशीर झाला होता.

छापखान्याने एक मुके अक्षर स्वतःही दिले. भूत या अर्थाचा 'गोस्ट' जुन्या इंग्रजीत 'एच'शिवाय लिहीत. कॅक्स्टनची उमेदीची वर्षे आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागात गेली होती, तिथल्या फ्लेमिश भाषेत हा शब्द 'जी-एच'ने लिहीत, आणि त्याच्या छापखान्यातून ते वळण इंग्रजीत आले.

आता दुसरे कूळ. कर्जाला मध्ययुगीन इंग्रजीत 'डेट' म्हणत आणि 'डी-ई-टी-टी-ई' लिहीत. शब्द फ्रेंचमधून आला होता, आणि फ्रेंचमध्येही तेव्हा त्यात ब नव्हता. पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनचा अभ्यास वाढला. विद्वानांना दिसले की या शब्दाचा आजा लॅटिन 'डेबिटुम' आहे. मग त्या आज्याची आठवण म्हणून इंग्रजी शब्दात 'बी' घातला गेला. संशय या अर्थाच्या 'डाउट'मध्ये लॅटिन 'दुबितारे'वरून तसाच 'बी' आला. पावतीच्या 'रिसीट'मध्ये 'पी' आला, फसवणूक या अर्थाच्या 'डिसीट'मध्ये मात्र आला नाही. दोन्ही शब्दांची घडण एकच, पण एकाला पंडिताचा हात लागला आणि दुसऱ्याला नाही. आरोप ठेवणे या अर्थाच्या 'इंडाइट'मधला 'सी' आणि 'सामन' माशातला 'एल' याच मार्गाने आले. या अक्षरांचा उच्चार इंग्रजीत पूर्वी होत नव्हता. ती आवाजासाठी घातलीच नव्हती.

त्या काळीच यावर वाद होता. जॉन हार्ट यांनी १५६९ मध्ये इंग्रजी लेखनावर पुस्तक लिहून फालतू अक्षरे काढून टाकावीत, लेखन उच्चाराप्रमाणे असावे, असा आग्रह धरला. रिचर्ड मल्कास्टर या शाळामास्तरांनी १५८२ मध्ये रूढीची बाजू घेतली. लोकांच्या हाताला जे वळण पडले आहे ते नीट करून पक्के करावे, असे त्यांचे म्हणणे, आणि पुढे घडले ते त्यांच्या म्हणण्याच्या जवळ जाणारे. शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या १५९८ मध्ये छापलेल्या नाटकात होलोफर्नीस नावाचा पंतोजी आहे. लोक 'डाउट' आणि 'डेट' म्हणताना ब उच्चारत नाहीत म्हणून तो चिडतो. प्रेक्षक त्याला हसत असणार, पण त्याच्या चिडण्यातून आपल्याला कळते की तो 'बी' तेव्हा नवा होता आणि बोलणाऱ्यांनी त्याला जुमानले नव्हते.

पंडितांचा अंदाज काही ठिकाणी साफ चुकला. बेटाला 'आयलंड' म्हणतात. त्यात 'एस' आहे. जुन्या इंग्रजीत बेटासाठी असलेला शब्द अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ घराण्यातला होता, त्यात स कधीच नव्हता. पण त्याच अर्थाचा फ्रेंचमधून आलेला 'आइल' हा शब्द लॅटिन 'इन्सुला'पासून झालेला, म्हणून तो 'एस'ने लिहीत. दोन शब्द एकाच घरातले आहेत असे समजून पहिल्यातही 'एस' घुसवला गेला. 'कुड'मधल्या 'एल'ची गोष्ट त्याहून साधी आहे. वुड आणि शुड या शब्दांत तो मुळातून होता, कारण ते विल आणि शॅल यांची रूपे; कुड हे कॅनचे रूप, त्यात 'एल' येण्याचे कारण नव्हते. जोडीदारांसारखे दिसावे एवढ्यासाठी तो आला. अंगठ्याच्या 'थम'मधला 'बी' असाच, कोकराच्या 'लॅम'कडे पाहून आला; लॅममधला ब मात्र पूर्वी खरोखर उच्चारला जाई.

शब्दाच्या शेवटच्या 'ई'ला या सगळ्यांपासून वेगळे काढले पाहिजे, कारण तो मुका असला तरी कामाचा आहे. नाव या अर्थाचा 'नेम' चौदाव्या शतकात 'नाम'च्या जवळचा, शेवटी हलका स्वर असलेला दोन अक्षरी शब्द होता. तो शेवटचा स्वर पडला, अक्षर राहिले, आणि आधीचा स्वर दीर्घ असल्याची ती खूण झाली. हॅट आणि हेट, पिन आणि पाइन, कट आणि क्यूट या जोड्यांत फरक करतो तो हा 'ई'च. हॅव्ह, गिव्ह, लव्ह यांत तो स्वरासाठी नाही. जुन्या हस्तलिखितांत 'यू' आणि 'व्ही' एकाच अक्षराची रूपे होती, त्यामुळे शब्द तिथेच संपवणे लेखनिक टाळत आणि पुढे 'ई' जोडत. काही मूक अक्षरे शब्दाच्या नातेवाइकांत बोलतात हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे: 'साइन'मधला 'जी' सिग्नेचरमध्ये, स्तोत्र या अर्थाच्या 'हिम'मधला 'एन' हिम्नलमध्ये. मुलांना पाठांतराला लावण्याआधी हे नाते दाखवले तर निम्मे काम होते.

मूक खुणांचा प्रश्न मराठीलाही सोडवावा लागला आहे. जुन्या पुस्तकांत नांव, दांत, पांच, कांहीं असे अनुस्वार दिसतात. ते नाम, दन्त, पञ्च यांतल्या म, न, ञ यांच्या खुणा होत्या. आधी ते स्वर नाकातून म्हटले जात, मग देशावरच्या शिष्ट उच्चारातून ते नाकात म्हणणे गेले आणि टिंब उरले. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले. गोव्याच्या कोंकणीत 'नांव' आणि 'दांत' अजून नाकातून येतात. स्कॉटलंडच्या 'निख्ट'सारखेच ते. मराठीत हे होऊ शकले, कारण नियम ठरवणारी एक मान्य संस्था होती आणि शासनाने व पाठ्यपुस्तकांनी तिचे ऐकले. इंग्रजीला अशी संस्था कधीच नव्हती. अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टर यांनी नांगराच्या 'प्लाउ'मधला 'जी-एच' काढला तो तिथे टिकला. जीभ या अर्थाच्या 'टंग'साठी त्यांनी सुचवलेले सोपे स्पेलिंग टिकले नाही. १९०६ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर लेखनसुधारणेचे मंडळ निघाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची सुधारित स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी टीका केली, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, विरोध केला आणि वर्ष संपण्याआधी हुकूम मागे घ्यावा लागला.

मुकी अक्षरे कधी कधी पुन्हा बोलूही लागतात. चूक या अर्थाच्या 'फॉल्ट'मध्ये 'एल' पंडितांनीच घातला होता आणि बराच काळ तो मुका होता. छापील शब्द पाहून पाहून लोक ल म्हणू लागले आणि आज तो न म्हणणेच चूक ठरते. 'ऑफन'मधला गेलेला 'टी' अनेकांच्या तोंडी परत आला आहे. ज्यांनी इंग्रजी कानांआधी डोळ्यांनी शिकले त्यांच्याकडे हे जास्त घडते. नळाचे काम करणाऱ्याला इंग्रज 'प्लमर' म्हणतो, 'बी' त्याच्यासाठी मुका आहे. आपण त्याला प्लंबर म्हणतो. त्याचे मूळ शिसे या अर्थाचा लॅटिन 'प्लुम्बुम' हा शब्द, कारण नळ शिशाचे असत. लंडनमध्ये गप्प झालेला तो ब आपल्या गल्लीबोळांत रोज ऐकू येतो.