पंचेचाळीस लाखांची रेषा

पहिलं घर घेणाऱ्यांच्या उपयोगाच्या दोन सवलती २०१९ मध्ये आल्या. परवडणाऱ्या गटातल्या, बांधकाम चालू असलेल्या घरावरचा जीएसटी १ टक्क्यावर आला, बांधकाम चालू असलेल्या बाकीच्या घरांवरचा ५ टक्क्यांवर. शिवाय ज्यांच्या नावावर घर नाही, त्यांना आयकराच्या कलम ८०ईईए खाली गृहकर्जाच्या व्याजावर दीड लाखाची जादा वजावट मिळू लागली. दोन्हीकडे किमतीची मर्यादा ४५ लाख. जीएसटीसाठी क्षेत्रफळात फरक केला होता: महानगरात ६० चौरस मीटर कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा), इतरत्र ९०. किमतीत मात्र अमरावती आणि अंधेरी एकाच ओळीत.

हिशोब करून पाहा. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. तेवढं घर ४५ लाखांत बसवायचं तर फुटाला सात हजारांच्या आतला दर हवा. दादर-अंधेरीच्या नव्या इमारतीत तो मिळत नाही. म्हणून पगार मुंबईचा आणि सवलतीतलं घर बदलापूर, टिटवाळा, विरारला, असं अनेकांचं झालं.

दरांतल्या या दरीचं कारण ‘मुंबई बेट आहे, जागा कमी’ एवढंच सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा भाग निर्णयांचा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतला नोकरदार भाड्यानेच राहायचा. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्या उभ्या राहिल्या. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला हे संरक्षण हवंच होतं. पण ते दशकानुदशकं तसंच राहिलं. मालकाने दुरुस्ती सोडली, भाड्यासाठी नवी इमारत बांधणं सोडलं, आणि रिकामी होणारी खोली पागडीशिवाय, म्हणजे भाड्याच्या वर मोठी एकरकमी रक्कम मोजल्याशिवाय, मिळेना. जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. ज्यांना खोली आधी मिळाली ते वाचले; नंतर आलेल्या पिढीला भाड्याचा दरवाजा बंद झाला. फ्लॅटखरेदीचे नियम घालणारा १९६३ चा मोफा कायदा आला तो याच काळात. मालकीचं घर ही हौस राहिली नाही, दुसरा रस्ताच उरला नव्हता.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकारकडे यायची होती. फार थोडी आली. बरीचशी सवलतींच्या अर्जांत आणि कोर्टात अडकली. राज्याने हा कायदा रद्द केला तो २००७ मध्ये. दरम्यान १९९१ च्या नियमावलीने एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, शहरात १.३३ आणि उपनगरांत १ ठेवलं. पुढे जादा एफएसआय प्रीमियम, म्हणजे सरकारी शुल्क, भरून मिळू लागला, आणि तो प्रीमियम शेवटी फ्लॅटच्या दरातच येतो.

सगळ्यात मोठी संधी गेली ती गिरणगावात. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची जमीन शहराच्या अगदी मध्यावर पडून होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाला काढलेल्या जमिनीतला ठरावीक वाटा मोकळ्या जागेसाठी पालिकेला आणि घरांसाठी म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यांपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळला आज जे टॉवर दिसतात, त्यांच्या पायाखाली हजारो पहिली घरं मावली असती. मला या सगळ्या इतिहासात हाच निर्णय सर्वांत जिव्हारी लागतो.

पुण्याला समुद्राची अडचण नाही. शहर पसरत गेलं, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. मुंबईपेक्षा कमी पैशांत घर मिळालं, पण यातल्या अनेक सोसायट्या अजून टँकरच्या पाण्यावर आहेत, आणि तो महिन्याचा खर्च खरेदीच्या किमतीत कुठे दिसत नाही. नागपुरात तर ४५ लाखांत बऱ्यापैकी निवड करता येते. म्हणजे ज्या सवलतीची मुंबईकराला सर्वांत जास्त गरज, तीच त्याच्या हाताला लागत नाही.

८०ईईए ची सवलत मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच राहिली. २०२४ च्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला व्याजावर १.८० लाखांपर्यंत अनुदान आहे; अट अशी की वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि घराची किंमत ३५ लाखांपर्यंत हवी. मर्यादा आणखी दहा लाखांनी खाली, आणि पुन्हा सगळ्या शहरांना एकच. रेडी रेकनरचे, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्याचे, दर राज्य सरकार विभागवार ठरवतं, त्यांवर मुद्रांक शुल्कही घेतं. त्याच तक्त्यावरून सवलतीची मर्यादाही विभागवार ठरवता येईल.