निघण्याआधीची भटकंती

बहिरी ससाण्याचं पिल्लू साधारण ४० दिवसांचं झालं की कड्यावरच्या कपारीतून पहिल्यांदा हवेत झेपावतं. पुढचे चार-सहा आठवडे आईबाप त्याला भरवतात. मग एके दिवशी ते कड्यावर दिसेनासं होतं. उत्तर गोलार्धातल्या, स्थलांतर करणाऱ्या ससाण्यांचा हिवाळी मुक्काम दक्षिणेला असतो, पण ते दक्षिणेलाच गेलेलं असतं असं नाही. कधी ते पूर्वेकडच्या खाडीवर सापडतं, कधी चक्क उत्तरेला, तर कधी फिरून पुन्हा जन्माच्या कड्यापाशी येतं. पाठीवर छोटा ट्रान्समीटर बांधलेल्या पक्ष्यांचे नकाशे पाहिले, तर स्थलांतराच्या सरळ रेघेआधी असा गुंता पुष्कळदा दिसतो.

हे कोडं मला फार मोलाचं वाटतं. टुंड्रा प्रदेशात जन्मलेले काही ससाणे दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात, जाऊन-येऊन २५ हजार किलोमीटरपर्यंत. एवढा पल्ला समोर असताना आधीच इकडेतिकडे हिंडून अंगातली ताकद का घालवायची?

पहिलं कारण पोटाचं. हा पक्षी सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. पण नुसत्या वेगाने शिकार होत नाही, उडत्या पाखराचा अंदाज यावा लागतो. कोवळे ससाणे आधी भावंडांच्याच मागे लागतात, मग चतुरासारखे उडते किडे पकडतात, मग पक्ष्यांवर झेपा टाकतात आणि बहुतेकदा हुकतात. इकडे आईबाप भरवणं कमी करत जातात. तेव्हा जिथे भक्ष्य मुबलक आहे तिथे जाणं आलंच. उन्हाळा सरताना अशा जागा पुष्कळ असतात, कारण त्या हंगामात जन्मलेली इतर पाखरंही तेवढीच नवखी असतात.

पण भूक हे सगळं उत्तर असतं, तर भरपूर शिकारीची पहिली जागा सापडताच भटकंती थांबायला हवी होती. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण: परत येण्यासाठी घर ओळखीचं असावं लागतं.

कोणत्या दिशेने निघायचं हे बऱ्याच पक्ष्यांना उपजतच कळतं. डच संशोधक पर्डेक यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. स्थलांतराच्या वाटेवर असलेले ११ हजारांहून अधिक स्टार्लिंग त्यांनी नेदरलँड्समध्ये पकडले आणि स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. अनुभवी पक्षी दिशा बदलून आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामी पोहोचले. पहिल्याच वर्षाचे पक्षी मात्र जुनीच दिशा धरून उडत राहिले आणि फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनमध्ये जाऊन उतरले. त्यांच्याजवळ होकायंत्र होतं, नकाशा नव्हता.

तो नकाशा कधी तयार होतो? जर्मन पक्षीतज्ज्ञ हान्स लोर्ल यांनी माणसांनी वाढवलेले कोवळे माशीमार पक्षी त्यांच्या नेहमीच्या वस्तीपासून दूर सोडले. काही स्थलांतराच्या बरेच आधी, काही अगदी निघण्याच्या तोंडावर. पुढच्या वसंतात आधी सोडलेल्यांपैकी काही नेमके त्याच परिसरात परतले. उशिरा सोडलेले तिथे दिसले नाहीत. आसपास हिंडायला मिळालेले ते थोडे आठवडेच निर्णायक ठरले होते.

ससाण्यांबाबतही तसंच घडत असावं, असं मानायला जागा आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे अमेरिकेत हा पक्षी जवळजवळ संपला, तेव्हा पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं उंच मनोऱ्यांवर ठेवून, आईबापांशिवाय, मोकळी सोडली गेली. ती हिंडली, आपली आपण शिकार शिकली. त्यांतली काही पुढे मोठी झाल्यावर सोडल्या जागेच्या आसपासच घरटी करायला आली. तिथला कडा, नदीचं वळण, किनाऱ्याची रेघ वरून आणि लांबून पाहिल्याशिवाय हे कसं साधेल?

पिल्लांच्या या शिकण्याची किंमत मोठी असते. पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक पिल्लं दगावतात. टुंड्रात तर उन्हाळाच इतका आखूड, की भटकायला फार दिवस मिळत नाहीत; वर्षभर एकाच प्रदेशात राहणाऱ्या ससाण्यांची पिल्लं मात्र महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात. आणि पाहिलेलं लक्षातही राहावं लागतं. युरेशियाच्या आर्क्टिक भागातल्या ५६ ससाण्यांचा उपग्रहाद्वारे माग काढणारं एक संशोधन २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्यात लांब पल्ला उडणाऱ्या ससाण्यांत एका जनुकाचा विशिष्ट प्रकार जास्त आढळला, आणि ते जनुक दीर्घकालीन स्मृतीशी निगडित आहे.

वयात आल्यावर नर बहुधा जन्मस्थानाच्या जवळ जागा धरतो, मादी त्याहून दूर. जन्माच्याच कपारीत क्वचितच कोणी परततं. तिथे अजून आईबाप असतात. पण निघण्याआधी पाहून ठेवलेल्या मुलखात आणखीही कडे असतात.